सोडणें आणि बदलणें

‘सोडणें’ या क्रियापदाला आपल्या समाजांत फार मोठा मान आहे. अमक्यानें संसार सोडला, तमक्यानें मद्य सोडलें, असें नुसतें कानावर पडलें तरी ऐकणाराची मान आदरानें लवते. ‘कमी केलें’ किंवा ‘बदललें’ या शब्दांच्या वाट्यास तो मान कधींच येत नाहीं. वारकरी गळ्यांत तुळशीची माळ घालतो, तेव्हां मद्यमांस त्याला त्या क्षणापासून वर्ज्य होतें. आज निम्में, उद्यां पाव असा हिशेब तेथें नसतो. गाडगे महाराजांनीं गांवोगांव कीर्तनांतून व्यसनांवर जे कोरडे ओढले, त्यांचाहि रोख सोडण्यावर होता, कमी करण्यावर नव्हता. शपथ, व्रत, माळ हीं आपल्याकडील व्यसनमुक्तीचीं जुनीं साधनें होत; आणि त्यांनीं किती तरी संसार सांवरले आहेत, हें कोणीहि नाकारणार नाहीं.

परंतु ज्याची शपथ टिकत नाहीं त्यानें काय करावें ? पंचवीस वर्षें सिगारेट ओढणारा एखादा गृहस्थ ती टाकून तिच्या जागीं औषधाच्या दुकानांतून आणलेलें निकोटिनचें च्युइंगम चघळूं लागला, तर त्यानें व्यसन सोडलें असें म्हणावयाचें, कीं केवळ बदललें असें म्हणावयाचें ? आणि बदललें असेंच म्हणावयाचें ठरलें, तर त्या बदलण्याला कांहीं नैतिक किंमत आहे, कीं नाहीं ?

हा प्रश्न आम्हीं हवेंतून काढलेला नाहीं. आमच्या परिचयाचें एक कुटुंब आहे. घरचे कर्ते गृहस्थ सेवानिवृत्त; दिवसाकाठीं पंधरा-वीस सिगारेटींचा त्यांचा नेम तारुण्यापासूनचा. तीन वेळां त्यांनीं देवापुढें शपथ घेतली आणि तीनहि वेळां ती पंधरा दिवसांच्या आंत मोडली. प्रत्येक वेळीं सिगारेटीबरोबर एक नवी लाजहि त्यांच्या पदरीं पडली. चौथ्या वेळीं डॉक्टरांच्या सल्ल्यानें त्यांनीं निकोटिनचें च्युइंगम सुरू केलें. आज दहा महिने झाले, घरांत धूर नाहीं. पण खिशांतील तें नवें पाकीटहि सुटलेलें नाहीं. चिरंजीव चांगले शिकलेले आहेत. ते म्हणतात, “दादा, तुम्ही सोडलें कोठें ? पानाची टपरी टाकून औषधाचें दुकान धरलेंत, एवढेंच !” गृहिणींचें म्हणणें निराळें. त्या म्हणतात, “रात्रीं खोकला ऐकूं येत नाहीं, मला तेवढें पुरे.” आणि खुद्द गृहस्थांस, हें औषध हृदयाला घातक असतें असें कोणीं तरी सांगितल्यापासून, एक तिसरीच चिंता लागली आहे. बंद करावें तर सिगारेट पुन्हां खुणावते; चालूं ठेवावें तर मुलाचें बोलणें ऐकावें लागतें आणि छातींत धडधडलें कीं भीति वाटते.

या एका घरगुती वादांत दोन निराळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. एक वैद्यकाचा: हें औषध अपायकारक आहे काय ? दुसरा नीतीचा: हें औषध घेणारास व्यसनमुक्त म्हणावें काय ? पहिल्याचें उत्तर नीट कळल्यावांचून दुसऱ्याचा निवाडा करणें म्हणजे साक्षीपुरावा न ऐकतांच निकाल देणें होय. म्हणून प्रथम वैद्यकाकडे वळूं.

तंबाखूंतील व्यसन लावणारें द्रव्य तें निकोटिन. १५६० च्या सुमारास फ्रान्सचा पोर्तुगालमधील वकील झां निको यानें तंबाखू ही गुणकारी वनस्पति म्हणून आपल्या राजदरबारीं पाठविली; त्याच्याच नांवावरून या द्रव्यास हें नांव पडलें. १८२८ सालीं हायडेलबर्ग येथें पोसेल्ट व रायमान या दोघांनीं तें तंबाखूंतून शुद्ध स्वरूपांत वेगळें काढलें. तें विष आहे, यांत संशय नाहीं. कीटकनाशक म्हणून त्याचा वापर दीर्घकाळ होत आला. तथापि सिगारेट ओढणारास जो कर्करोग, जो फुप्फुसाचा विकार, जो हृदयविकार होतो, त्याचें मुख्य कारण निकोटिन नव्हे. जळत्या तंबाखूच्या धुरांत सात हजारांहून अधिक रासायनिक द्रव्यें असतात आणि त्यांतील सुमारें सत्तर कर्करोगकारक म्हणून ओळखलीं गेलीं आहेत. शिवाय कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु आहेच. लंडन येथील मायकेल रसेल या मानसरोगतज्ज्ञांनीं १९७६ सालीं हीच गोष्ट वैद्यकीय जगापुढें स्पष्टपणें मांडली, कीं ओढणारास हवें असतें तें निकोटिन, आणि त्याचा जीव घेतो तो त्याबरोबर येणारा डांबरी धूर. हवें तें आणि मारतें तें जर भिन्न असेल, तर दोहोंची फारकत करतां येईल काय, हा पुढचा विचार ओघानेंच आला.

ती फारकत करण्याचा उद्योग स्वीडनमध्यें आधींच सुरू झाला होता. १९६७ सालीं हेलसिंगबोर्ग येथील औषधनिर्मितीच्या कारखान्यांतील संशोधक ओवे फेर्नो यांस एका शरीरशास्त्रज्ञ मित्राचें पत्र आलें. पाणबुडींतील खलाशांस समुद्राखालीं धूम्रपान करतां येत नसे, तेव्हां ते तोंडांत तंबाखू धरून आपली तलफ भागवीत, असें त्यांत लिहिलें होतें. त्यावरून निकोटिन चघळण्याच्या रूपांत देण्याची कल्पना निघाली. १९७८ सालीं स्वित्झर्लंडनें आणि १९८४ सालीं अमेरिकेनें या च्युइंगमला औषध म्हणून मान्यता दिली. त्यामागोमाग त्वचेवर चिकटवावयाची पट्टी आली, चोखण्याची गोळी आली. २००९ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें या उपचाराचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादींत केला, आणि २०२२ सालीं भारताच्या राष्ट्रीय यादींतहि त्यास स्थान मिळालें.

सिगारेट आणि हें औषध यांतील फरक केवळ धुराचा नाहीं, वेगाचाहि आहे. धुराबरोबर ओढलेलें निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोंचतें, आणि व्यसनाची पकड या तत्काळ मिळणाऱ्या बक्षिसांतच असते. च्युइंगममधील निकोटिन तोंडाच्या अस्तरांतून हळूहळू रक्तांत उतरतें. त्याचा अंमल पूर्ण व्हावयास वीस-तीस मिनिटें लागतात. पट्टीचा वेग तर त्याहूनहि मंद. त्यामुळें तलफेची धार बोथट होते, पण झुरक्याचें सुख मात्र मिळत नाहीं. औषध म्हणून त्याचा जो गुण, तोच ओढणाराच्या दृष्टीनें त्याचा दोष आहे.

आतां अपायांविषयीं. तें चघळण्याचीहि एक रीत आहे: थोडें चावावें, तिखटपणा जाणवतांच गालाच्या आंत दाबून धरावें, मग पुन्हां थोडें चावावें. साध्या च्युइंगमप्रमाणें तें भराभर चघळलें, तर निकोटिन लाळेबरोबर पोटांत जातें आणि उचकी, मळमळ, छातींत जळजळ हे त्रास होतात. शिवाय तें तेथें वायां जातें तें निराळेंच. जबडा दुखणें, तोंड हुळहुळें होणें हेंहि घडतें. चहा-कॉफी किंवा आंबट पेय घेतल्यावर लगेच चघळलें तर तें तोंडांतून शोषलें जात नाहीं. म्हणून आधीं पंधरा मिनिटें कांहीं खाऊं-पिऊं नये असें सांगतात. पट्टीनें त्वचेस खाज सुटते, पुरळ उठतें. ती रात्रभर ठेवल्यास झोंप मोडते आणि विचित्र स्वप्नें पडतात. निकोटिननें नाडीचा वेग आणि रक्तदाब कांहींसा वाढतो, ही गोष्टहि खरी. म्हणून ज्यांस नुकताच हृदयविकाराचा झटका आला आहे किंवा ज्यांच्या हृदयाचे ठोके धोकादायक रीतीनें अनियमित आहेत, त्यांनीं डॉक्टरांस विचारल्याशिवाय हें औषध घेऊं नये. गर्भवतीच्या बाबतींत अधिकच सावधगिरी हवी. कारण निकोटिन गर्भापर्यंत पोहोंचतें. आणि घरांत लहान मूल असेल तर तीं पाकिटें व वापरून काढलेल्या पट्ट्यासुद्धां कुलुपांत किंवा उंचावर ठेवल्या पाहिजेत. मोठ्या माणसाची मात्रा बालकास विष होऊं शकते.

एवढे सगळे अपाय सांगितल्यावर जें सांगितलें पाहिजे तें हें, कीं सिगारेटीच्या शेजारीं ठेवले असतां ते फार लहान दिसतात. निकोटिननें हृदय बिघडेल या भीतीची परीक्षा वैद्यकानें स्वतःच केली आहे. १९९६ सालीं अमेरिकेंत हृदयविकाराच्या ५८४ रुग्णांवर पट्टीचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांत पट्टी लावलेल्यांस औषधरहित पट्टी लावलेल्यांपेक्षां हृदयाचे गंभीर प्रसंग अधिक आले नाहींत. अमेरिका व कॅनडा येथें सुमारें सहा हजार धूम्रपान करणारांवर पांच वर्षें जी पाहणी झाली, तींतहि च्युइंगम वापरणारांस हृदयविकारासाठीं रुग्णालयांत अधिक वेळां जावें लागलें असें दिसलें नाहीं. निकोटिनची गणना कर्करोगकारक द्रव्यांत झालेली नाहीं. प्रयोगशाळेंतील कांहीं निरीक्षणांमुळें शंका उपस्थित झाल्या आहेत आणि त्यांचा शोध चालूं आहे, इतकेंच. तेव्हां ज्या भीतीनें एखादा मनुष्य हें औषध अर्ध्यांत टाकून सिगारेटीकडे परत जातो, ती भीति त्याला लहान खड्ड्यांतून काढून विहिरींत लोटते.

वैद्यकाचा निकाल असा आहे. परंतु नीतीचा प्रश्न त्यानें मिटत नाहीं. अपाय थोडा असला म्हणून दास्य हें दास्य राहत नाहीं काय ? चिरंजीवांच्या बोलण्यांतील कांटा हा आहे; आणि तो टोचावा इतका खरा आहे, हें मान्य केलें पाहिजे.

या प्रश्नाचा विचार करतांना आम्हांस नेवाशाची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. अहिल्यानगर जिल्ह्यांतील प्रवरेच्या कांठच्या या गांवीं शके १२१२ मध्यें, म्हणजे इ. स. १२९० सालीं, ज्ञानदेवांनीं गीतेवरील आपली मराठी टीका सांगितली. ज्या खांबास टेकून ती सांगितली गेली तो ‘पैस’ अद्याप तेथें उभा आहे, अशी श्रद्धा आहे. एकादशीस वारकरी त्याला मिठी मारतात. गीतेच्या दुसऱ्या अध्यायांत इंद्रियनिग्रहाच्या प्रकरणीं एक सूक्ष्म निरीक्षण आहे. जो विषयांचें सेवन बंद करतो त्याच्यापासून विषय दूर होतात, पण त्यांची गोडी, तो ‘रस’, मागें उरतो. यावर भाष्य करतांना ज्ञानदेवांनीं झाडाचा दाखला दिला आहे. वरवरची पालवी खुडावयाची आणि मुळाशीं पाणी घालावयाचें, तर तें झाड मरावें कसें ?

वरवर पाहतां चिरंजीवांचा पक्ष येथें पूर्ण सिद्ध होतो. धूर ही पालवी; ती खुडली. निकोटिन हें पाणी. तें तर रोज मोजून घातलें जात आहे. मग मूळ वाळणार कसें ? नेवाशाचाच हा निवाडा मानावयाचा, तर त्या गृहस्थांचे दहा महिने फुकट गेले असेंच म्हणावें लागेल.

पण दाखला शेवटपर्यंत लावून पाहिला पाहिजे. मूळ कोणतें ? ज्ञानदेवांच्या विवेचनांत मूळ म्हणजे कोणतेंहि बाह्य द्रव्य नव्हे. मूळ म्हणजे मनांतील गोडी. आणि तसें असेल तर हा दाखला शपथ घेणारासहि तितकाच लागतो. ज्यानें एका क्षणीं सिगारेट फेंकली, त्याच्या मनांतील रस त्या क्षणीं कोठें गेला ? तोहि मागें उरलाच. आमच्या परिचयाच्या गृहस्थांनीं तीन वेळां पालवी समूळ खुडली होती, आणि तीनहि वेळां ती पंधरा दिवसांत पुन्हां फुटली. कारण मुळास कोणीं हात लावला नव्हता. ‘सोडलें’ या शब्दांत जो दिमाख आहे तो बहुधा पालवीपुरताच असतो. रस तुटेपर्यंत सोडणें आणि बदलणें या दोहोंचें अंतर आपण समजतों तितकें मोठें नाहीं.

शिवाय तीच गीता सहाव्या अध्यायांत मनाच्या निवृत्तीचा मार्ग सांगतांना, हळूहळू, धैर्य धरून निवृत्त व्हावें असें सांगते; एका झटक्यानें नव्हे. आणि बाराव्या अध्यायांत अभ्यासाचें बळ वर्णन करतांना ज्ञानदेव म्हणतात, कीं अभ्यासानें विषसुद्धां पचनीं पडतें. ही गोष्ट तंबाखूस किती नेमकी लागू पडते ! पहिल्या झुरक्याला कोणास सुख झालें आहे ? डोकें गरगरतें, मळमळतें, ठसका लागतो. अभ्यासानेंच तें विष अंगवळणीं पडलें. दिवसाला वीस वेळां, वर्षानुवर्षें केलेला हा अभ्यास आहे. जें अभ्यासानें जडलें तें उलट दिशेच्या अभ्यासानेंच जाईल, आणि अभ्यासाला वेळ लागतो. हात खिशाकडे गेला कीं काडी न पेटवणें, चहानंतरचा झुरका न घेणें, रागाच्या वेळीं धुराचा आडोसा न शोधणें, असा एकेक धागा उसवावा लागतो. शरीर निकोटिनसाठीं कासावीस झालेलें असतांना हें उसवण्याचें काम बहुतेकांच्या हातून होत नाहीं. औषध ती कासाविशी काबूंत ठेवतें. उसवणें ज्याचें त्यालाच करावें लागतें.

तेव्हां औषध मुळास पाणी घालतें, हें खरें; पण सिगारेट जें पाणी लोटीत होती तें आतां मापानें आणि उतरत्या क्रमानें मिळतें. सामान्यतः आठ ते बारा आठवडे घेऊन पुढें मात्रा कमी करीत जावी, असा या उपचाराचा क्रम आहे. म्हणून येथें विचारावयाचा प्रश्न ‘आज किती घेतलें’ हा नसून ‘दिशा कोणती’ हा आहे. सहा महिन्यांपूर्वीं दहा, आज पांच, पुढच्या सणाला दोन, अशी जर उतरती पायरी असेल, तर तो मनुष्य सोडतो आहे. त्याचें सोडणें संथ आहे, एवढेंच. आणि समजा, एखाद्याची पायरी एके ठिकाणीं अडली, दोन गोळ्यांवरून तो खालीं येईना. तरीहि तो जेथून निघाला होता तेथें नाहीं. कुबडी घेऊन चालणाराला धांवतां येत नाहीं म्हणून त्याला पुन्हां अंथरुणावर निजवावें, असें कोणी म्हणत नाहीं.

येथें एक गंभीर आक्षेप उरतो, आणि तो इतिहासाचा आहे. औषध म्हणून आलेलीं द्रव्यें व्यसन होऊन बसतात, असा अनुभव वारंवार आला आहे. खुद्द तंबाखू युरोपच्या दरबारांत औषध म्हणूनच शिरली. आपल्याकडे ती पोर्तुगीजांबरोबर आली; सतराव्या शतकाच्या आरंभीं असद बेगनें विजापुराहून ती अकबराच्या दरबारीं नेली, तेव्हां तेथेंहि तिच्या औषधी गुणदोषांवर हकिमांची चर्चा झाली. १८८४ सालीं व्हिएन्ना येथें तरुण डॉक्टर सिग्मंड फ्रॉइड यांनीं मॉर्फिनच्या व्यसनांतून सुटण्यासाठीं आपले मित्र फ्लाइश्ल-मार्क्सो यांस कोकेन सुचविलें. त्या बिचाऱ्यास एकाऐवजीं दोन व्यसनें जडलीं. आणि इतकें दूर तरी कशाला जावें ? आपल्या घरांतील मशेरी पाहावी. दांत दुखतो म्हणून भाजलेल्या तंबाखूची चिमूट हिरडीस लावण्यापासून जिचा आरंभ झाला, तिच्यावांचून किती तरी बायकांची सकाळ उगवत नाहीं. २००४ सालीं मुंबईंतील गर्भवतींची एक पाहणी प्रसिद्ध झाली. धूररहित तंबाखू, आणि तींत मुख्यतः मशेरी, वापरणाऱ्या मातांच्या बाळांचें जन्माचें वजन सरासरी सुमारें १०५ ग्रॅमनें कमी भरलें. औषधाचें नांव घेऊन आलेल्या पाहुण्यानें घरांत काय केलें, हें त्या आंकड्यांत दिसतें.

हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाहीं. उलट त्यांतूनच एक कसोटी हातीं लागते. फ्रॉइड यांनीं मित्रास दिलेलें द्रव्य जुन्याहून कमी धोक्याचें आहे, हें तपासून पाहिलेलें नव्हतें. मशेरीच्या मात्रेस कधीं कोणीं माप लावलें नाहीं आणि ती बंद करण्याची तारीखहि कोणीं ठरविली नाहीं. निकोटिनच्या उपचाराचें बळ, त्याचा धोका आणि त्याचा शेवट या तिहींची मोजदाद झाली आहे. त्याची मर्यादाहि मोजलेली आहे. शंभराहून अधिक प्रयोगांचा एकत्र विचार करून असें आढळलें, कीं या औषधानें धूम्रपान सुटण्याची शक्यता सुमारें दीडपट होते. म्हणजे औषधाविना प्रयत्न करणाऱ्या शंभरांपैकीं दहांस यश येत असेल, तर औषधासह पंधरा-सोळांस येईल; उरलेल्यांस पुन्हां प्रयत्न करावा लागेल. यांत चमत्कार नाहीं, पण त्या पांच-सहा घरांतील माणसांस हा आंकडा लहान वाटणार नाहीं.

आणखी एक भ्रम येथेंच दूर केला पाहिजे. बदलणें मान्य केलें म्हणजे कोणतेंहि बदलणें मान्य केलें असें होत नाहीं. २०१६-१७ च्या तंबाखूविषयक सर्वेक्षणांत महाराष्ट्रांतील प्रौढांमध्यें धूम्रपान करणारे शेंकडा चारांहून कमी, तर धूररहित तंबाखू घेणारे शेंकडा चोविसांच्या आसपास आढळले. विडी टाकून तळहातावर चुना-तंबाखू मळणारा मनुष्य, “आतां धूर तरी नाहीं,” असें समाधान मानतो. तें समाधान खोटें आहे. चघळावयाच्या तंबाखूंत कर्करोगकारक द्रव्यें असतात, आणि आपल्या प्रांतांतील तोंडाच्या कर्करोगाचें मोठें कारण तीच आहे. महाराष्ट्र सरकारनें २०१२ सालीं गुटख्यावर बंदी घातली ती उगीच नव्हे. तंबाखूऐवजीं तंबाखू, हा बदल नव्हे. ती मृत्यूची वाट बदलणें झालें. शुद्ध निकोटिनचें औषध आणि मळलेली तंबाखू यांस एका तागडींत घालणें हें अज्ञान आहे. तंबाखू चघळणारासहि हें औषध कधीं कधीं देतात. परंतु तेथें त्याच्या गुणाचा पुरावा धूम्रपानाइतका भक्कम नाहीं, आणि समुपदेशनाचें महत्त्व अधिक आहे, हेंहि जातां जातां सांगितलें पाहिजे.

आमच्या मतें नीतीचा खरा जाब घेणाराकडे नव्हे, विकणाराकडे मागावयास हवा. एकच द्रव्य, बांधलेल्याची गांठ सैल करण्यासाठीं दिलें तर औषध होतें आणि मोकळ्या माणसाच्या हातांत दिलें तर बेडी होतें. ज्यानें कधीं सिगारेट ओढली नाहीं अशा सोळा वर्षांच्या मुलाला फळांच्या स्वादाचें निकोटिन रंगीत वेष्टनांत दाखविणें, हें औषधाच्या नांवाखालीं चाललेलें बियाण्याचें पेरणें आहे. परदेशांत निकोटिनच्या लहान पिशव्या आणि विजेवर चालणाऱ्या सिगारेटी या मार्गानें तरुणांत पसरल्या. विजेच्या सिगारेटींवर आपल्या देशानें २०१९ सालीं कायद्यानें बंदी घातली, ती या भीतीपोटींच. कुबडी विकणारानें चांगले पाय असलेल्यांस कुबड्या घेण्याची हौस लावली, तर दोष कुबडीस किंवा लंगड्यास नाहीं. तो विकणाराचा आहे. आपला राग मात्र बहुधा उलट दिशेनें जातो. दुकानदारास आपण कांहीं म्हणत नाहीं, आणि घरांतल्या दुबळ्या माणसास टोमणे मारतों.

या टोमण्यांविषयीं थोडें अधिक लिहिणें अवश्य आहे. कारण कुटुंबाचा प्रश्न तेथें आहे. पुणें येथें १९८६ सालीं डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनीं ‘मुक्तांगण’ सुरू केलें, तेव्हांपासून महाराष्ट्रांतील सुशिक्षितांस एक गोष्ट हळूहळू पटूं लागली, कीं व्यसन हें पाप नसून आजार आहे. बोलण्यांत हें आपणांस पटलेलें असतें. घरांत मात्र पटलेलें नसतें. मधुमेही वडिलांस रोज औषध घेतांना पाहून कोणी मुलगा, “तुम्ही बरे झालां कोठें ?” असें विचारीत नाहीं. पण व्यसनाचें औषध घेणारापाशीं आपण पावित्र्याचा दाखला मागतों. त्यास पूर्ण विजय हवा, आणि तोहि आजच. नाहीं तर सारा पराभव. पूर्ण विजयाची ही अट जितकी उदात्त दिसते तितकीच निर्दय आहे. तिच्या ओझ्याखालीं मनुष्य खोटें बोलूं लागतो, लपूं लागतो, आणि शेवटीं, “नाहीं तरी मी सुटलोंच नाहीं,” असें म्हणून पुन्हां पेटवतो. जी नीति माणसास त्याच्या व्याधीकडे परत ढकलते, तिला नीति म्हणण्यास आम्ही तयार नाहीं.

म्हणून आमचें उत्तर असें, कीं अशा मनुष्यानें व्यसन बदललें आहे, आणि त्या बदलण्यांत त्यास मारणारी गोष्ट सोडलीहि आहे. उरलें आहे त्याची त्यानें लाज बाळगूं नये, आणि त्याचा अभिमानहि बाळगूं नये. डॉक्टरांशीं बोलून मात्रा उतरवीत न्यावी. कोणी घाबरवलें म्हणून एकाएकीं टाकूं नये, आणि कोणी टोकत नाहीं म्हणून जन्मभर धरूनहि बसूं नये. सुटकेस वर्ष लागलें, दोन वर्षें लागलीं, तरी त्यांत कमीपणा नाहीं.

शेवटीं ‘रसा’विषयीं एक गोष्ट राहिली. त्या श्लोकाचा उत्तरार्ध असा आहे, कीं परतत्त्वाचें दर्शन झालें म्हणजे ती गोडीहि निवते. आपण प्रापंचिक माणसें. परतत्त्वाची भाषा आमच्या तोंडीं शोभणार नाहीं. पण तिचा एक लहानसा प्रापंचिक अर्थ सर्वांच्या आटोक्यांतला आहे. एका गोडीची जागा दुसरी, तिच्याहून मोठी गोडी घेऊं शकते. जिना चढतांना न लागलेली धाप, नातवंडाला जवळ घेतांना अंगाला न येणारा धुराचा वास, पहांटे मोकळ्या छातीनें म्हटलेला एखादा अभंग, यांतहि रस आहे. कोणतेंहि औषध तो देत नाहीं. औषध फार तर मनांतला कोलाहल थोडा शांत करतें, म्हणजे तो रस कळूं लागतो. तो कळेपर्यंत धीर धरणें एवढें काम रोग्याचें आहे, आणि रोग्याच्या घरच्यांचेंहि.